बटाट्यातली साय

गबनित ट्वोमीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लोण्याची दोन भांडी असत, आणि त्यांची अदलाबदल झाली की घरात महाभारत घडे. नवऱ्याच्या बाजूला ठेवलेलं भांडं फिकट पिवळ्या, लोण्यासारखं दिसणाऱ्या पण लोणी नसलेल्या कसल्यातरी पदार्थाचं. कॉनच्या हृदयात नळ्या बसवल्यापासून डॉक्टरांनी त्याला तेवढ्याचीच मुभा दिली होती. मुलाच्या, म्हणजे टायगच्या, बाजूला खरंखुरं खारं लोणी, विटेएवढं. त्याला ते हवं असो वा नसो, खायलाच लागायचं. कॉन जन्मभर गाई पाळत आलेला माणूस. "गाई माझ्या, दूध माझं, आणि माझ्या पावाला मात्र गाडीचं वंगण," असं तो रोज म्हणे. रोज म्हणे म्हणून कुणी ऐकत नसे.

टायगला सिस्टिक फायब्रोसिस होता. आमच्या बेटाला हा आजार जणू आंदण मिळालेला आहे. मॅक्रूमच्या आसपासची दोन-चार गावं फिरलात तर असं एखादं घर सापडतंच. छातीत चिकट कफ साठतो हे लोकांना ठाऊक असतं, कारण खोकला भिंतीपलीकडे ऐकू जातो. पोटाचं कुणाला कळत नाही. स्निग्ध पदार्थ पचवणारा रस वाटेतच अडकून बसतो, आणि खाल्लेलं अंगी न लागता तसंच निघून जातं. म्हणून ही माणसं प्रत्येक जेवणाबरोबर त्या रसाच्या गोळ्या घेतात. ताटात लोणी, तेल, चीज जितकं जास्त तितक्या गोळ्या जास्त. अंदाज चुकला आणि गोळ्या कमी पडल्या, की पोटात असा पीळ पडतो की माणूस वाकून बसतो.

हे सगळं गबनितला शिकवलं इमेल्डा हेगार्टीनं. इमेल्डा तेव्हा कॉर्कच्या इस्पितळात आहार सांगायला नव्यानंच लागली होती, आणि गबनित पहिलटकरीण. मांडीवर टायग, नुसता हाडांचा सापळा. इमेल्डानं चमच्यात शिजवलेल्या सफरचंदाचा गर घेतला, त्यावर गोळीतले दाणे पसरले आणि तो चमचा बाळाच्या तोंडात कसा सारायचा ते दाखवलं. मग म्हणाली, "या पोराला लोणी म्हणजे औषध समज. साय, चीज, तळलेलं, शेजारीण स्वतःच्या मुलाला जे जे नको म्हणेल ते ते तू याला दे. वजन वाढलं तर फुफ्फुसं तग धरतील." त्या काळचे नियमच तसे होते. हे कधीपर्यंत करायचं, ते इमेल्डानं सांगितलं नाही, गबनितनं विचारलं नाही. दोघींनाही वाटत होतं की प्रश्न फार वर्षांचा नाही.

मग गबनितनं कंबर कसली. सकाळच्या ओट्सच्या लापशीत साय, सूपमध्ये साय, बटाटे कुसकरताना लोण्याचा गोळा, पावावर लोणी असं की त्यात दातांची नक्षी उमटावी. आमच्याकडे पाहुण्यानं आधी दोन-तीनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, अशी रीत आहे. टायगचं 'नको' मात्र गबनित रीत म्हणूनही ऐकत नसे. तो ताटावर रडला, चिडला, एकदा त्यानं कुत्र्याला चोरून पुडिंग घातलं आणि कुत्रा आजारी पडला. पण इस्पितळातल्या काट्यावर पोराचं वजन जरासं जरी सरकलं, तरी ती घरी येईपर्यंत गाडीत गाणी म्हणे.

त्या इस्पितळात या मुलांना एकमेकांशेजारी बसू देत नाहीत, एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात म्हणून. प्रत्येकाची खोली वेगळी, दार बंद. त्यामुळे इतर मुलांची तोंडं गबनितनं कधी पाहिली नाहीत. पण त्यांच्या आया व्हरांड्यातल्या चहाच्या यंत्रापाशी भेटत. कुणाचं पोर काय खातं, कुणाचं काय थुंकतं, कुणी मिल्कशेकमध्ये काय घातलं, हे त्या एकमेकींना सांगत. वर्षं गेली तशी त्यांतली एकेक यायची बंद झाली. का, ते कुणी विचारत नसे. गबनित चहा घेऊन परत येई आणि रात्रीच्या भाजीत आणखी एक चमचा लोणी घाली. लोण्यानंच टायगला राखलं, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

टायग अठ्ठाविशीत असताना नवं औषध आलं. रोज घ्यायच्या गोळ्या, मूळ दुखण्यालाच हात घालणाऱ्या. त्या सुरू झाल्यावर लवकरच एका सकाळी गबनित जागी झाली, आणि घरात खोकला नव्हता. ती तशीच अनवाणी जिना चढून धावली. पोरगा गेला, याखेरीज दुसरं काही तिच्या मनात आलं नाही. तो तोंड उघडं टाकून स्वस्थ झोपला होता. ती दारातच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली, आणि टायगला वाटलं बाबांना काही झालं.

त्याच आठवड्यात ती बॅलिवूर्नीला, जिच्यावरून तिचं नाव ठेवलं त्या संतिणीच्या विहिरीवर, जाऊन आली. मागणं काहीच नव्हतं, नुसतं आभार मानायला गेली होती. मागणं नसताना विहिरीशी काय बोलायचं हे तिला नीटसं सुचेना, म्हणून तिनं हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

टायग भरला. गालांची हाडं दिसेनाशी झाली, विजारी तंग झाल्या. सहकारी संस्थेच्या दुकानात तो गुरांचं खाद्य विकायचा, तिथं आता पोती स्वतः उचलू लागला. गावातल्या पोरासोरांना हर्लिंग, आमच्याकडचा काठी-चेंडूचा खेळ, शिकवायला मैदानावर जायला लागला, आणि स्टिक हातात घेऊन त्यांच्या मागे पळायलासुद्धा. आणि मग एका दुपारी इस्पितळातून येऊन त्यानं जेवताना सहज सांगून टाकलं, की इमेल्डाबाई म्हणाल्या, आता चारचौघांसारखं जेव. साय बंद, लोणी बेतानं, भाज्या जास्त. नियम बदलले.

कॉननं काटा खाली ठेवला. "देव आहे," तो म्हणाला. "ये बाळा, घे हे वंगण."

 लोण्याचं भांडं उचलून गबनितनं फडताळात ठेवलं आणि दार जरा जोरातच लावलं. इमेल्डा आता निवृत्तीला आली, तिचं डोकं चालेनासं झालं असेल, असं ती मनाशी म्हणाली. ज्या शिडीनं चढलो तीच आता काढून घ्या म्हणे. आणि नवं औषध उद्या चालेनासं झालं तर? तेव्हा पोराच्या अंगावर थोडं मांस शिल्लक असायला नको? तिनं इमेल्डाला फोन करून चार शब्द सुनवायचं ठरवलं आणि केला नाही. टायग अठरा वर्षांचा झाल्यापासून तो इस्पितळात एकटा आत जाई. आईनं लुडबुड करायची नाही, असा त्यांचा करार होता.

तिनं खरंच प्रयत्न केला. पहिले काही दिवस तिनं बटाटे नुसत्या मीठ-पाण्यात शिजवले. ते ताटात बापुडवाणे दिसत. टायग ते मिटक्या मारत खाई, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नसे. जेवण संपवून तो उठला की तिला वाटे, आज आपण पोराला उपाशी ठेवलं. मग एके दिवशी बटाटे कुसकरता कुसकरता हात आपोआप सायीच्या भांड्याकडे गेला. थोडीशीच घातली. दुसऱ्या दिवशी सूपमध्ये. मग तपकिरी पावाच्या पिठात लोणी, मग गाजराच्या भाजीत. दिसू नये इतपतच, पण रोज. साय आपल्याच गाईंची, जन्मापासून त्याला मानवलेली. ती त्याचं काय वाईट करणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

त्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली, आणि नवल असं की ज्या बाईनं जवळजवळ तीस वर्षं दर घासाला गोळ्यांचा अंदाज बांधला तिच्याच ध्यानातून ती जावी. लहानपणी गोळ्या ती मोजून द्यायची. आता टायग स्वतः ताटाकडे बघून घ्यायचा. साधे बटाटे, पातळ सूप, भाजी, म्हणजे थोड्याच पुरतील. ताट जे दाखवत होतं त्यावर त्यानं विश्वास ठेवला. आईच्या हातचं ताट होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग जवळजवळ रोज. पोट फुगे, कळा येत, संडासला पळावं लागे. मैदानावर पोरांच्या मागे पळता पळता तो वाकून उभा राही. इस्पितळात इमेल्डानं पहिली चौकशी गोळ्यांचीच केली. काय खातोस, किती घेतोस? टायगनं प्रामाणिकपणे सांगितलं, कोरडे बटाटे, चरबी काढलेलं मांस, भाज्यांचं सूप. त्या जेवणाला त्याच्या गोळ्या भरपूर होत्या. मग रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, आणि कशातच काही सापडेना. शेवटी डॉक्टरांनी नव्या औषधाकडे बोट दाखवलं. काहींच्या पोटाला ते सोसत नाही. आधी निम्मं करून बघू, आणि तरीही दुखत राहिलं तर बंद करावं लागेल.

औषध निम्म्यावर आलं. पोटदुखी थांबली नाही, आणि एके सकाळी वरच्या खोलीतून खोकला ऐकू आला. गबनितच्या हातातली किटली तशीच राहिली. कॉननं वर्तमानपत्र खाली केलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यानं पुन्हा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. तो वाचत नव्हता, पान उलटं होतं.

टायगचं वजनही उतरायला लागलं. तेव्हा गबनितनं काय केलं असेल? तिला येत होतं तेच. साय दुप्पट केली.

ऑगस्टमध्ये तो मित्रांबरोबर डब्लिनला सामना बघायला गेला आणि चार दिवस तिकडेच राहिला. सामन्याचं काय झालं ते सोडा, आमच्याकडे त्यावर बोलत नाहीत. तो घरी आला तो मात्र हसत. चेहऱ्यावर रंग होता. चहा पिता पिता तो सांगत सुटला, की मित्रांच्या नादानं सगळं पथ्य धाब्यावर बसवलं. तळलेले मासे, चिप्स, सकाळी सॉसेज आणि तळलेली अंडी. गोळ्यांची बाटली खिशातच, जे तेलकट दिसेल त्यावर मूठभर घ्यायच्या. आणि पोटात एकदासुद्धा कळ आली नाही.

"डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतील, जा, तिकडेच राहा," तो म्हणाला. "आई, आहेत ना बटाटे? तिथं घरचं जेवण आठवत होतं."

गबनित चुलीपाशी पाठमोरी उभी होती. भांड्यात बटाटे होते, आणि डाव्या हातात सायीचा मग. ती तशीच उभी राहिली. तेलकट दिसेल त्यावर मूठभर. दिसेल त्यावर.  तिनं तो सायीचा मग सिंकमध्ये उपडा केला, नळ सोडला, आणि पांढरं पाणी जाईपर्यंत बघत राहिली. त्या दिवशी टायगनं कोरडे बटाटे खाल्ले आणि त्याला काही झालं नाही. तो म्हणाला, आज जरा चव वेगळी लागतेय.

टायग मैदानावर गेल्यावर तिनं कॉनला सगळं सांगितलं. तो ऐकून घेईल आणि मग ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीत सरकून बसला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"साय. एकाच भांड्यातले बटाटे ना आपण खातो. गाईंच्या मागे जन्म गेला माझा, मला चव कळत नाही होय? इतकी वर्षं वंगण खाल्लं, आणि एकदम बटाटे स्वर्गातले लागायला लागले. सांगितलं असतं तर तू बंद केली असतीस." मग हळूच, "म्हणून मी गप्प बसलो. माझ्या डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, कॉन, रक्तातली चरबी वाढतेय, तू काहीतरी लपवतोयस. पोराच्या पोटाशी याचा संबंध असेल हे माझ्या टाळक्यात आलं नाही गं."

चोर दोन निघाले, आणि दोघांचंही तोंड बघण्यासारखं झालं. गबनितला हसूही येईना आणि रडूही येईना. औषध चालू ठेवायचं की बंद करायचं, त्याचा निकाल त्याच आठवड्यात इस्पितळात लागायचा होता.

टायगला तिनं घरी सांगितलं नाही. धीर झाला नाही, हेच खरं. सकाळी तिनं कोट चढवला आणि म्हणाली, आज मीपण येते, आत येते. टायगनं भुवया वर केल्या. करार मोडण्याइतकं काय झालं, असं त्याला वाटलं असणार. पण तिचा चेहरा बघून त्यानं गाडीची किल्ली उचलली. वाटभर तो गाडी चालवत खोकत होता, आणि ती कोटाचं बटण लावत होती नि काढत होती.

खोलीत तरुण डॉक्टर होता आणि खिडकीशी इमेल्डा, केस पांढरे झालेले, चष्मा साखळीला. डॉक्टरनं कागद पुढे ओढून सुरुवात केली, की दुःखाची गोष्ट आहे, पण आता औषध थांबवण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही.

"बटाट्यात साय आहे," गबनित म्हणाली.

डॉक्टरनं मान वर केली. टायगनं तिच्याकडे पाहिलं.

"सूपमध्येसुद्धा. पावात लोणी आहे. वसंतापासून रोज घालतेय, त्याला न सांगता. तो ताट बघून गोळ्या घेतो आणि ताट खोटं आहे. डब्लिनला चार दिवस तळलेलं खाल्लं तर दुखलं नाही, कारण तिथं जे होतं ते दिसत होतं. औषधाचा दोष नाही. माझा आहे. औषध बंद करू नका."

 मग टायग उठला. "मला वाटत होतं माझ्याच शरीराला ते औषध नकोय," तो आईला म्हणाला, आवाज न चढवता. "रात्र रात्र मी हेच धरून बसलो होतो. आणि तू खाली उभी राहून बटाटे कुसकरत होतीस." आणि तो दार उघडून बाहेर गेला.

डॉक्टर त्याच्या मागे गेला. गबनित खुर्चीत बसून राहिली. आता इमेल्डा फाडून खाईल, आणि खाल्लं पाहिजे, असं तिला वाटत होतं. इमेल्डानं खुर्ची ओढली आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"नवे नियम लिहायला आम्ही वर्षभर बसत होतो," ती म्हणाली. "एकेका वाक्यामागे पुरावा काय, किती भक्कम, कुणी तपासला, सगळं चाळणीतून गाळून घेतलं. बाहेरच्या लोकांनी येऊन त्याला गुण दिले. फार चांगले गुण मिळाले, गबनित. मी घरी केक नेला होता." तिनं चष्मा गळ्यात सोडला. "आणि आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही, की ताट वाढणारीला काय सांगायचं. लोणी दे हे मी तुला सांगितलं होतं. बंद कर हे मात्र त्याला सांगितलं. ज्याला शब्द दिला त्याच्याकडेच जाऊन तो परत घ्यायचा असतो. माझं चुकलं."

गबनितला शिव्या चालल्या असत्या. हे सोसवेना. तिनं इमेल्डाचा हात धरला आणि म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून तो जगला, बाई. तो चमचा तू दाखवलास. मी तुला कधी बोलले नाही, आज बोलते. तुझे उपकार आहेत माझ्यावर." आणि मग दोघीही नाकं पुसत बसल्या, आणि रक्तदाब मोजायची पट्टी घेऊन आलेली नर्स दारातूनच मागे वळली.

परतीच्या वाटेवर मॅक्रूम येईपर्यंत टायगनं रस्त्यावरून नजर काढली नाही. गावाबाहेर त्यानं गाडी बाजूला घेतली. शिव्या देईल, निघून जाईन म्हणेल, कशालाही ती तयार होती.

"मी बटाट्यात साय खाणार," तो समोर बघत म्हणाला. "रविवारी. पण मला सांगून घालायची. माझ्यासमोर."

"सांगून घालीन," ती म्हणाली.

"आणि बाबांना वेगळं भांडं."

"ते त्यालाही कळलंय."

त्यानं गाडी सुरू केली. त्याचा राग एका दिवसात गेला नाही. काही आठवडे तो जेवायला बसला की आधी विचारी, यात काय आहे, आणि ती एकेक जिन्नस सांगे, आणि तो दर वेळी तिच्याकडे बघूनच मग गोळ्या घेई. ते बघणं तिला लागे. पण पोट दुखायचं थांबलं, औषध पुन्हा पूर्ण मात्रेवर आलं, आणि पानगळ संपायच्या आत खोकला घरातून गेला. शेवटी एके दिवशी त्यानं न विचारताच ताट ओढून घेतलं. गबनित पाणी आणायला उठली आणि बाहेर जाऊन डोळे पुसून आली.

हिवाळ्यात इमेल्डाचा फोन आला. नियम पुन्हा उघडले आहेत, शेवटची बैठक आहे, तू ये. गबनित म्हणाली, मी काय तिथं चहा करू? इमेल्डा म्हणाली, चहा यंत्र करतं, तू बोल.

इस्पितळामागच्या इमारतीत लांब टेबल होतं. डॉक्टर, आहार सांगणाऱ्या बायका, आणि भिंतीवरच्या दोन पडद्यांवर दोन रुग्ण, आपापल्या घरी बसलेले, कारण त्यांना एका खोलीत बसता येत नाही. त्यांतली एक बाई केस पिकलेली होती. गबनितला आधी वाटलं, ही कुणाची तरी आई. मग त्या बाईनं कपातून घोट घेता घेता सवयीनं तोंडात गोळ्या टाकल्या, बिस्किटाबरोबर. गबनित तिच्याकडे टक लावून बघत राहिली. या आजाराचं असं पिकलेलं डोकं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

इमेल्डा एकेक कलम वाची आणि विचारी, कुणाची हरकत? गबनितची पाळी आली तेव्हा ती बोलली. नवं काही सांगायचं असेल तर स्वयंपाक करणारीला समोर बसवून सांगा, आणि नुसतं काय बंद करायचं ते नको, का बंद करायचं तेही सांगा. मला का ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही लोकांनी आता त्याच्यावरचं लक्ष काढून घेतलंत. पडद्यावरची पिकल्या केसांची बाई म्हणाली, हे घाला. ते घातलं.

मग इमेल्डानं पान उलटलं. "शेवटचं प्रकरण," ती म्हणाली. "जुन्या नियमांत हे नव्हतं. साठीनंतरचा आहार."

आणि ती वाचू लागली. साठीनंतर हाडं ठिसूळ होतात, म्हणून अमुक. रक्तवाहिन्या जपायच्या, म्हणून लोणी आणि साय तरुणपणापासूनच बेतानं. दात पडले असल्यास अन्न मऊ शिजवावं. भूक मंदावते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या जेवणाची चौकशी करावी. वाचताना इमेल्डाचा आवाज कोरडा, कामाचा होता, आणि आजूबाजूचे लोक पेनं फिरवत ऐकत होते.

गबनितनं टेबलाची कड धरली. तरुणपणापासूनच बेतानं. तर हे होतं ते. एवढ्यासाठी तिच्याकडून लोणी काढून घेतलं होतं. टायग म्हातारा होणार, दात पडणार, कुठल्यातरी स्वयंपाकघरात मऊ बटाटे पुढ्यात घेऊन कुरकुरत बसणार, आणि तेव्हा ती नसणार. आईनं लेकराच्या आधी जावं, जगाच्या रीतीनं. एवढं साधं मागणं तिनं विहिरीशी कधी मागितलं नव्हतं, कारण ते मागायची तिची हिंमत नव्हती. इथं ते कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं, कलम आणि पोटकलम पाडून.

"कुणाची हरकत?" इमेल्डानं विचारलं, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गबनित?"

"हरकत नाही," गबनित म्हणाली. "परत वाच."

"कुठलं वाक्य?"

"सगळं."

कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं. इमेल्डानं पाहिलं नाही. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.